वाकळेस कोणती सुई?



दीड इंच लांबीच्या वस्तूवर भाषण करावयाचें म्हटल्यास आपणांपैकीं कांहींना हसूं येईल. शाळेंत सारा जन्म काढलेल्या माणसास खडू आणि फळा सोडून शिवणकामांत लुडबूड करण्याचा अधिकार काय, असेंही कोणी विचारील. अधिकार एवढाच कीं, आमच्या घरीं पायाचें मशीन आहे, त्यास तेलपाणी करण्याचें काम माझ्याकडे आहे, आणि शेजारपाजारच्या भगिनी "गुरुजी, टांका सुटतो, जरा बघा हो" म्हणून मशीन दाखवावयास बोलावतात. पाहावयास गेल्यावर दोष बहुधा मशीनचा नसतो, सुईचा असतो. आणि त्यांतही वाकळ शिवण्यास घेतली असली म्हणजे तो हटकून सुईचाच निघतो.

जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालून शिवलेल्या पांघरुणास आमच्या सातारा-सांगलीकडे वाकळ म्हणतात. पुस्तकी भाषेंत तीच गोधडी. आजच्या सांगली जिल्ह्यांतील तासगांव, वाळवें, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत साताऱ्यांतच होते. त्या वर्षीं दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें. नकाशावर रेघ पडली, पण वाकळ दोहोंकडे एकच राहिली. माण तालुक्यांतील धनगरांचें घोंगडें पावसाला चांगलें. परंतु तें अंगास टोंचतें. तान्ह्या मुलास आणि म्हाताऱ्या माणसास वाकळच हवी. ज्यांना आपण गाडगेमहाराज म्हणतों त्यांना लोक गोधडेमहाराजही म्हणत, तें त्यांच्या अंगावरील ठिगळांच्या पांघरुणावरूनच.

पूर्वीं वाकळ हातानें शिवीत. दुपारची जेवणें उरकलीं कीं सोप्यांत लुगडीं अंथरावयाचीं आणि चारचौघींनीं चार बाजूंस बसून धावदोरा घालावयाचा. या रीतींत सुईची फारशी चिकित्सा करावी लागत नसे, कारण सुई बोटांच्या ताब्यांत असे. कापड कोठें विरलेलें आहे, कोठें शिवण येऊन जाड झालें आहे, हें बोटांस आपोआप कळे, आणि हात त्याप्रमाणें हलका किंवा जड होई. मशीनला ही जाण नाहीं. विरलेल्या जागीं आणि जाड जागीं तें सारख्याच जोरानें घाव घालतें. म्हणून बोटें जो विचार प्रत्येक टांक्यास करीत, तो आपणांस मशीनवर बसण्यापूर्वीं, सुई निवडतांना, एकदांच करून ठेवावा लागतो. माझें आजचें सर्व सांगणें या एका मुद्द्याचें आहे.

सामान्य समजूत अशी कीं, वाकळ जाड, म्हणून सुईही जाड पाहिजे. दुकानदार हेंच सांगतो, शिवून देणारेही बहुधा हेंच मानतात. या समजुतीचें फळ मीं आमच्या ओळखीच्या एका घरीं पाहिलें आहे. तेथील दोघी बहिणींनीं आईच्या मागें राहिलेल्या इरकली लुगड्यांच्या दोन वाकळा करविल्या. एक नात्यांतील वृद्ध बाईनें हातानें शिवली. दुसरी शिलाईस बाहेर दिली. ती १८ नंबरच्या सुईनें, दाट टीप मारून, दोन दिवसांत तयार होऊन आली. दिसावयास ही दुसरीच अधिक सुबक होती. दुसऱ्या धुण्याला मात्र ती टिपेच्या रेषांवरून सरळ फाटत गेली. जणूं कोणी पट्टी ठेवून फाडली असावी! टपालाचीं तिकिटें ओळीनें पाडलेल्या बारीक छिद्रांवरून जशीं सुटीं होत, तसाच हा प्रकार. नवें कापड बाजारांत मिळतें. आईचें लुगडें पुन्हां मिळावयाचें नव्हतें.

असें कां व्हावें याचें गणित अगदीं सोपें आहे. १८ नंबरच्या सुईची जाडी १.१ मिलिमीटर असते. एका इंचांत बारा टांके घातले तर एका छिद्राच्या मध्यापासून दुसऱ्या छिद्राच्या मध्यापर्यंत सुमारें २.१ मिलिमीटर अंतर पडतें. म्हणजे टिपेच्या रेषेवरचें निम्म्याहून अधिक कापड सुईच्या वाटेंत आलें. आतां ११ नंबरची सुई घ्या. तिची जाडी ०.७५ मिलिमीटर. टांके इंचांत आठच घाला. अंतर झालें सुमारें ३.२ मिलिमीटर. वाटेंत आलेलें कापड चौथ्या हिश्शाहूनही थोडें कमी. यंत्र तेंच, कापड तेंच, दोरा तोच. केवळ सुई आणि टांक्याची लांबी बदलल्यानें कापडावरचा आघात निम्म्याहून कमी झाला.

यावर कोणी म्हणेल, नवें कापड तर जाड सुईनें फाटत नाहीं. बरोबर आहे. नव्या सुताचा धागा लवचिक असतो. सुई आली कीं तो बाजूस सरकतो आणि ती गेल्यावर बहुतांशीं आपल्या जागीं येतो. परंतु वीस-पंचवीस वर्षें नेसलेल्या, दगडावर आपटलेल्या, उन्हांत वाळविलेल्या लुगड्याच्या धाग्यांत ती लवचिकता उरलेली नसते. तो सरकण्याऐवजीं तुटतो. वाकळेची जाडी पाहून सुई घेणें म्हणजे पदर मोजणें. पण प्रत्येक पदर किती थकलेला आहे हें पाहणें त्याहून महत्त्वाचें असतें.

तर मग सर्वांत बारीक सुईच घ्यावी काय? नाहीं. कां नाहीं, हें समजण्यास मशीनचा टांका कसा पडतो तें थोडें पाहिलें पाहिजे. हातसुईचें नेढें मागच्या टोंकास असतें, मशीनच्या सुईचें पुढच्या टोंकाजवळ. एलायस हाउ या अमेरिकन कारागिरास १८४६ मध्यें ज्या यंत्राचें पेटंट मिळालें त्यांत ही युक्ति होती. सुई दोरा घेऊन कापडाखालीं जाते, तळाशीं पोंचते आणि दोन-अडीच मिलिमीटर पुन्हां वर उचलली जाते. ती वर येतांना दोरा कापडाच्या घर्षणानें मागें राहतो, आणि सुईच्या पाठीशीं त्याचा लहानसा फांसा फुगतो. त्याच क्षणीं शटलचें टोंक सुईच्या पाठीला जवळजवळ चाटून त्या फांशांत शिरतें, फांसा बॉबिनभोंवतीं फिरवितें, आणि वरचा दोरा खालच्यांत गुंततो. सुई भिंगाखालीं धरून पाहिल्यास नेढ्याच्या वर पाठीमागें एक खळगा कोरलेला दिसेल. तो शटलच्या टोंकास जागा मिळावी म्हणूनच आहे. हा सर्व व्यवहार मिलिमीटरच्या लहानशा अंशावर चालतो. सुई फार बारीक असली आणि खालीं सहा पदर असले कीं ती किंचित् वांकते. शटल फांशास चुकतें आणि टांका सुटतो. अधिकच वांकली तर शटलचें टोंक तिच्यावर आदळतें आणि सुई तुटते. म्हणजे बारीक सुईचा तोटा मशीनला, जाड सुईचा तोटा लुगड्याला. मधला मार्ग शोधावयाचा तो या दोहोंच्या मध्यें.

(मशीनचें नांव निघालें म्हणून सांगतों. गांधीजींचा यंत्रांवरील राग सर्वांस ठाऊक आहे. परंतु १९२४ मध्यें त्यांनीं सिंगरच्या शिवणयंत्रास त्यांतून वगळलें होतें. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरनें तें घडविलें, अशी कथा त्यांनीं सांगितली. या अपवादाचा आमच्या घरीं चरख्याच्या कट्टर भक्तांनाही मोठा आधार होता.)

आतां नंबरांविषयीं. सुईच्या पुडीवर दोन आंकडे छापलेले असतात, जसें ९०/१४. यांतील मोठा आंकडा म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत. ९० म्हणजे ०.९० मिलिमीटर. दुसरा आंकडा जुन्या, दुकानांत बोलल्या जाणाऱ्या पद्धतीचा. ७५ म्हणजे ११, ८० म्हणजे १२, ९० म्हणजे १४, १०० म्हणजे १६, ११० म्हणजे १८. नंबर चढला कीं सुई जाड. दोऱ्याचें मात्र याच्या उलट आहे. सुती दोऱ्याचा नंबर चढला कीं दोरा बारीक. ४० नंबरपेक्षां ६० नंबर बारीक. विट्याच्या किंवा इचलकरंजीच्या विणकरास हें सांगावें लागत नाहीं, कारण सुताचा काउंट त्याच्या रोजच्या बोलण्यांतला असतो. आठशेंचाळीस यार्डांची एक लडी, अशा किती लड्यांचें वजन एक पौंड भरतें तो सुताचा काउंट; साहजिकच लड्या जितक्या अधिक भरतील तितकें सूत बारीक. सुईचा आंकडा जाडी सांगतो, सुताचा आंकडा लांबी सांगतो. ही उलटसुलट रीत ध्यानांत न राहिल्यामुळें जाड दोरा बारीक सुईंत कोंबला जातो आणि मग "दोरा सारखा तुटतो" म्हणून मशीनला दोष दिला जातो.

दोरा आणि सुई यांचा मेळ पाहण्याची एक सोपी परीक्षा आहे. वीतभर दोरा घेऊन मोकळ्या सुईच्या नेढ्यांतून ओवावा, दोन्ही टोंकें ताणून धरावीं आणि एक हात वर उचलावा. सुई आपल्या वजनानें दोऱ्यावरून सहज घसरत खालीं आली तर जोडी जमली. अडकून बसली तर नेढें लहान आहे. नेढें लहान म्हणजे सुईच्या पुढील बाजूस जी लांब खांच असते तीही अरुंद. कापडांतून जातांना दोरा त्या खांचेंत लपून जावयाचा असतो. तो बाहेर राहिला कीं सहा पदरांशीं घासत घासत जातो. शिवाय दोऱ्याचा प्रत्येक तुकडा टांक्यांत बसण्यापूर्वीं नेढ्यांतून कित्येक वेळां पुढें-मागें होतो. वाकळेसारख्या जाड शिवणीवर दोरा पिसारण्याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें.

माझा स्वतःचा पाठ पुढीलप्रमाणें आहे. जुन्या मऊ लुगड्यांचे तीन-चार पदर असले तर ११ नंबरची सुई आणि ६० नंबरचा दोरा. पांच-सहा पदर आणि वर नव्या छिटाची खोळ असली तर १४ नंबर आणि ५० किंवा ४० नंबरचा दोरा. १६ नंबर फक्त कडेची पट्टी बसवितांना, जेथें कापड दुमडून दुप्पट होतें आणि तें नवें व मजबूत असतें. १८ नंबर गोणपाट आणि तंबूच्या कापडासाठीं दुकानांत राहूं द्यावा. नऊवारीवर तो चालवूं नये, मग शिवणारा कितीही अनुभवी असो.

नंबरानंतर टोंकाचा विचार. सर्व सुया टोंकदार दिसतात, पण त्यांच्यांत भेद आहे. सर्वसाधारण सुईचें टोंक किंचित् गोलसर असतें आणि तें बहुतेक कापडांवर चालतें. बनियनच्या विणीच्या कापडासाठीं असते तिचें टोंक अधिक गोल, कारण तिनें धागा भोंसकावयाचा नसतो, त्यास बाजूस सारून जावयाचें असतें. अलीकडे मुलांच्या जुन्या टी-शर्टांच्या गोधड्या करण्याची हौस आली आहे. तेथें हीच गोल टोंकाची सुई लागते, नाहींतर एक धागा तुटून भोंक वाढत जातें. चामड्यासाठीं असते तिचें टोंक सुरीसारखें धारदार असतें. ती विणलेल्या कापडावर चुकूनही लावूं नये, ती धागे कापीतच जाते. याशिवाय गोधडीसाठीं म्हणून एक निराळी सुई मिळते. तिच्या पुडीवर रजईच्या कामाची म्हणून नोंद असते आणि ती बहुधा ७५ व ९० याच दोन जाड्यांत येते. तिचें टोंक हळूहळू निमुळतें होत गेलेलें असतें. त्यामुळें शिवणीवर शिवण आलेल्या ठिकाणीं ती न अडखळतां उतरते आणि धागेही कमी दुखावते. लहान गांवांत ती मिळेलच असें नाहीं. न मिळाल्यास साधी नवी सुई पुरते. 'नवी' या शब्दावर मात्र माझा भर आहे.

कारण बोथट सुईसारखा वाकळेचा दुसरा शत्रु नाहीं. आठ-दहा तासांच्या शिवणानंतर सुई बदलावी असा सर्वसामान्य नियम आहे. आमच्याकडे सुई तुटेपर्यंत बदलीत नाहींत. जी स्त्री सांडशी सैल झाली तर त्याच दिवशीं दुरुस्त करून आणते, तीच स्त्री एकच सुई दोन दिवाळ्या चालविते! सुई चालतांना प्रत्येक टांक्यास 'टक्' असा आवाज येऊं लागला, कीं टोंक गेलें असें समजावें. मऊ कापडाचे अनेक पदर बोथट सुईबरोबर वर उचलले जातात. मग दोरा मागें राहत नाहीं, फांसा फुगत नाहीं आणि टांका सुटतो. जुन्या टेरिलीनच्या किंवा नायलॉनच्या साड्या वाकळेंत घातल्या असल्या तर हा त्रास आणखी वाढतो. तेथें बोथट सुई आडवे धागे ओढून कापडावर रेघा पाडते. अशा साड्यांस कोरी ११ नंबरची सुई घालावी आणि मशीन सावकाश चालवावें.

सुई बसवितांना एकच गोष्ट पाहावी. घरगुती मशीनच्या सुईच्या वरच्या दांड्याची एक बाजू सपाट असते. ज्या बाजूनें दोरा ओवावयाचा तिकडे लांब खांच यावी आणि सपाट बाजू तिच्या विरुद्ध, म्हणजे शटलकडे, यावी. सुई वरपर्यंत ढकलून मग स्क्रू आवळावा. कारखान्यांतील जलद मशीनची सुई सर्व बाजूंनीं गोल दांड्याची असते. ती घरच्या मशीनला चालत नाहीं, म्हणून दुकानांत जातांना जुनी सुई बरोबर न्यावी.

नव्या खोळीचें कापड, विशेषतः मांजरपाट, आधीं धुऊन घ्यावें. त्यांत खळ असते; ती सुईस अडविते. शिवाय नवें कापड पहिल्या धुण्याला आटतें आणि आंतील जुनीं लुगडीं आटत नाहींत. मग वाकळेला गुठळ्यांसारख्या फुगवट्या येतात. हा सुईचा विषय नव्हे, पण शेवटीं नांव सुईचेंच घेतलें जातें.

आतां जरा गंभीर गोष्ट. ठिगळांची वाकळ असली कीं, जेथें चार ठिगळांचे कोपरे एकत्र येतात तेथें सहा पदरांचे दहा-बारा होतात. पुष्कळशा सुया तुटतात त्या याच जागीं. तेथें पायानें मशीन चालवूं नये. उजव्या हातानें चाक फिरवून ते चार टांके एकेक करून घालावेत. कापड मागून ओढूं नये. दांते तें आपल्या गतीनें पुढें नेतात, आपण ओढलें कीं सुई वांकते. आणि एवढें करूनही सुई तुटलीच, तर काम तेथेंच थांबवावें. दांड्याचा तुकडा मशीनमध्यें राहतो, टोंकाचा तुकडा मात्र पुष्कळदां वाकळेच्या आंत शिरून बसतो आणि वरून कांहीं दिसत नाहीं. दोन्ही तुकडे जुळवून, नव्या सुईशेजारीं ठेवून, लांबी पुरी भरते कीं नाहीं तें पाहावें. न भरल्यास लोहचुंबक फिरवावा, पदर उसवावे; पण तुकडा हातीं लागेपर्यंत ती वाकळ पुढें शिवूं नये. बाळंतिणीच्या खोलींत जावयाच्या वाकळेविषयीं तर यांत सवलत मुळींच देतां येणार नाहीं. शिलाईस बाहेर दिली असेल तर परत घेतांना "सुई तुटली होती का?" हा प्रश्न सरळ विचारावा. प्रामाणिक माणसास त्याचा राग येत नाहीं.

शेवटीं, मशीनवर काय घालूं नये तें सांगून थांबतों. वाकळ अंथरण्यापूर्वीं प्रत्येक लुगडें उजेडासमोर धरावें आणि दोन्ही अंगठ्यांनीं ठिकठिकाणीं हलकेंच ताणावें. जेथें बारीकसा 'चर्र' असा आवाज होईल तें कापड कोणत्याही नंबरच्या सुईस टिकणार नाहीं. तें टाकूनही देऊं नये. दोन धडधाकट पदरांच्या मध्यें तें ठेवावें आणि तेवढ्या भागावर मशीन न चालवितां बोट-बोट अंतरानें हाताचा धावदोरा घालावा. जरीच्या पदरालाही हाच नियम लावावा. जर मशीनची सुई लवकर बोथट करते आणि सुई जरीला तोडते. असें काम घरांतील ज्या आजीला हातशिवण येतें तिच्याकडे द्यावें, आणि तिला आतां नेढें दिसत नसेल तर दहा-बारा सुया आधींच ओवून तिच्यापुढें ठेवाव्या.